आहेराची वही

आमचं गाव सेलू. सेलू म्हटलं की समोरचा माणूस ताबडतोब ‘परभणीचं का?’ असं विचारतो. ‘नाही हो, वर्ध्याचं’ असं सांगितलं की चुकीच्या मांडवात जेवून उठलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा होतो. रेल्वे परभणीकडच्या सेलूला आहे तशी आमच्याही सेलूला आहे. फक्त आमच्या स्टेशनाचं नाव ‘सेलू रोड’. स्टेशनच्या नावात ‘रोड’ असला की गाव अजून लांब आहे, असं प्रवाशानं समजावं. रेल्वेनं आजवर दिलेल्या सूचनांपैकी ही सगळ्यात प्रामाणिक.

अशा गावात बसून भारत सरकार परदेशांना मदत कशी देतं यावर लिहिणं म्हणजे आगाऊपणा, हे मला मान्य आहे. मी बँकेत कारकून. अलीकडे आमचं नाव बदलून ‘सहयोगी’ की काय ते केलंय, पण त्यानं फरक एवढाच पडला की पूर्वी लोक कारकुनावर ओरडायचे, आता सहयोगीवर ओरडतात. बी.कॉम. वर्ध्याला केलं. परराष्ट्रांशी माझा संबंध इतकाच की घोराडच्या एका गृहस्थांचा मुलगा दुबईहून पैसे पाठवतो आणि ते जमा झाले की नाही हे विचारायला गृहस्थ रोज येतात, जमा झाल्यानंतरही आठ दिवस.

पण विषय माझ्यावर चालून आला त्याला मी काय करू?

2025 सालचा अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला मांडला गेला. त्या दिवशी शनिवार होता, पण महिन्यातला पहिला शनिवार, म्हणजे बँक चालू. सरकार पन्नास लाख कोटींचा हिशेब मांडत होतं त्या वेळी मी एका आजीबाईंच्या पासबुकातल्या 14 रुपयांच्या कपातीचा खुलासा करत होतो. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी टपरीवर गेलो, तर गुलाबराव पेपर उघडून माझीच वाट पाहत बसले होते.

“या सायेब. हे वाचलं का? भूतानले दोन हजार एकशे पन्नास कोटी! आन् आमच्या पांदण रस्त्याले मुरूम टाकाले पैसा नाही. काहून बाप्पा? भूतान का सरकारचा जावई हाय?”

टपरीवरची सगळी डोकी माझ्याकडे वळली. गावात अशी एक समजूत आहे की देशात कुठंही पैशाचं काही झालं तर त्याची जबाबदारी बँकेतल्या माणसाची. नोटाबंदीच्या वेळी मी हे सहन केलं आहे. म्हणून मीही कागद मागितला आणि आकडे मांडायला लागलो. कॉमर्सवाल्याला तेवढाच एक सूड घेता येतो.

परराष्ट्र खात्याला त्या वर्षी एकूण 20,516 कोटी. त्यातले सगळे देऊन टाकायचे नव्हेत, वकिलातींचे पगार-पाणीही त्यातच. परदेशांना मदत म्हणून 5,483 कोटी. देशाचा एकूण खर्च 50 लाख 65 हजार कोटींच्या घरात. म्हणजे शंभर रुपयांतले सुमारे 11 पैसे. माणशी काढले तर वर्षाला 39 रुपये. टपरीवर कट चहा 10 रुपयांना. मी गुलाबरावांना म्हटलं, “चार चहा झाले की तुमची वर्षाची परदेश मदत संपली. वर एक रुपया परत.”

“मंग माहे एकोणचाळीस मले वापस द्या,” गुलाबराव म्हणाले. “भूतानले मी पाह्यलं नाही, भूताननं मले पाह्यलं नाही.”

याला अर्थशास्त्रात उत्तर नाही. उत्तर नसलं की मी चहाचे पैसे देतो. त्या दिवशी मी सहा जणांचे दिले, म्हणजे दीड माणसाची वर्षभराची परदेश मदत एकट्यानं उचलली.

घरी आलो तर आमच्या हिनं आहेराची वही काढली होती.

ज्यांच्या घरी अशी वही नाही त्यांच्याविषयी मला हेवा वाटतो आणि थोडी भीतीही. आमची वही 2006 सालची, आमच्या लग्नातली. डावीकडच्या पानावर आलेलं, उजवीकडच्या पानावर दिलेलं. ‘स्टीलचा डबा, मध्यम, झाकण सैल.’ ‘201 रुपये (पाकिटावर 501 लिहिलेले).’ ‘दुपट्टा-टोपी, दुपट्टा ओळखीचा.’ या शेवटच्या नोंदीचा अर्थ असा की तो दुपट्टा आम्हीच कुणाला तरी दिलेला होता आणि विदर्भाची प्रदक्षिणा करून स्वगृही परतला होता. वही तयार केली ती माझ्या आईनं, चालवते ही. मी फक्त बेरजा तपासतो.

प्रश्न असा होता की रीजनल ऑफिसातल्या एका साहेबांच्या मुलीचं नागपूरला लग्न होतं. 2,100 द्यायचे की 5,100?

“साहेबांना कमी आहे का काही?” मी म्हटलं.

“कमी आहे म्हणून द्यायचे असतात का आहेर?” ही म्हणाली. “जूनमध्ये बदल्या आहेत.”

आणि तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिल्लीत जे चालतं ते नेमकं हेच. फक्त तिथं वहीला सरकारी शिक्का असतो.

रीतसर सांगायचं तर पद्धत अशी आहे. पावसाळा सरला की अर्थखातं सगळ्या खात्यांना परिपत्रक धाडतं, की तुमचा पुढच्या वर्षाचा खर्च कळवा. परराष्ट्र खातं कळवतं. त्या खात्यात 2012 पासून या देण्याघेण्यासाठी एक वेगळा विभागच आहे, म्हणजे वही सांभाळणारी सूनबाई म्हणा. मग अर्थखातं, म्हणजे मी, म्हणतं की इतके जमायचे नाहीत. मग ते म्हणतात, अहो, शब्द दिलाय. शब्द दिलाय म्हटलं की अर्थखात्याचं काही चालत नाही. दिल्लीतलंही आणि सेलूतलंही. पुढं संविधानाच्या 113 व्या कलमाप्रमाणं ही मागणी लोकसभेपुढं जाते. खासदारांची एक समिती ती बारकाईनं तपासते, ‘हे का वाढलं, ते खर्च का झालं नाही’ असं विचारते, अहवाल देते. पण सभागृहात चर्चेला वेळ पुरत नाही. मोजक्या खात्यांवर बोलणं होतं आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या एका दमात मंजूर होतात. याला तिथं गिलोटिन म्हणतात. आमच्या घरी याला ‘जाऊ दे, टाक पाकिटात’ म्हणतात.

आता पाकिटात किती, हे कसं ठरतं? गरजेवरून ठरतं अशी माझी भाबडी समजूत होती. गरजेवरून ठरलं असतं तर आफ्रिकेतले सगळ्यात कोरडे देश यादीच्या वर असते. 2025-26 च्या यादीत आफ्रिकेतल्या सगळ्या देशांना मिळून 225 कोटी आणि एकट्या भूतानला 2,150 कोटी. भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आतबाहेर. आमच्या वर्धा जिल्ह्याचीच 2011 साली तेरा लाख भरली होती. पण वर्धा जिल्ह्याच्या पलीकडं नागपूर आहे आणि भूतानच्या पलीकडं चीन.

आमच्या घराला लागून एक पाटील राहतात. त्यांच्या आवारात बोअर आहे, आमच्या आवारात नाही. बारा वर्षांपूर्वी त्यांची मोटार जळाली तेव्हा आम्ही अर्धे पैसे दिले, आणि अर्धे उसने दिले. तेव्हापासून एप्रिल-मे महिन्यांत त्यांच्या बोअरची नळी कुंपणावरून आमच्या टाकीत येते. गावात लोक म्हणतात, यांचे पाटलांशी फार घरोब्याचे संबंध. आहेतच. तीन-चौथाई इंची नळीइतके घरोब्याचे.

भूतानचं अगदी हेच आहे. पंडित नेहरू 1958 साली भूतानला गेले तेव्हा तिथं जायला मोटाररस्ता नव्हता. पंतप्रधान घोड्यावर आणि याकवर बसून डोंगर चढले. 1961 साली भूताननं पहिली पंचवार्षिक योजना आखली, तिचा सगळा पैसा भारतानं दिला आणि रस्ते बांधायलाही आपलीच माणसं गेली. पुढं चुखा नावाचा जलविद्युत प्रकल्प आला. खर्चातले 60 टक्के आपलं अनुदान, 40 टक्के आपलं कर्ज. 1980 च्या दशकात तो सुरू झाला आणि वरकड वीज आपणच विकत घ्यायला लागलो. मोटार आणि नळी! त्याच भूतानच्या डोकलाम पठारावर 2017 साली आपलं आणि चीनचं सैन्य 73 दिवस समोरासमोर उभं होतं. तेव्हा 2,150 हा आकडा ठरवताना भूतानच्या गरिबीकडं कोण कितीसं बघत असेल? कुंपणाकडं बघत असणार. आणि त्या रकमेतही सगळं दान नसतं. काही अनुदान, काही कर्ज.

यादीचं बाकीचं पान वाचलं की हिचीच वही वाचतोय असं वाटतं. मालदीव हा रुसलेला जावई. 2024 च्या जानेवारीत त्यांच्या काही उपमंत्र्यांनी आपल्याबद्दल वेडंवाकडं लिहिलं, आपल्या सैनिकांना परत जा म्हटलं. त्या जुलैच्या अर्थसंकल्पात मालदीवला 400 कोटी. ऑक्टोबरात त्यांचे अध्यक्ष दिल्लीला येऊन गेले, आणि पुढच्या अर्थसंकल्पात 600. बांगलादेशात 2024 च्या ऑगस्टमध्ये सरकार उलथलं, संबंध आंबट झाले, तरी 2025-26 ला आकडा जुनाच, 120 कोटी. भांडण झालं म्हणून आहेर तोडायचा नाही, वाढवायचाही नाही. आमच्या यवतमाळच्या चुलत्यांच्या पानावर असेच 251 रुपये गेली नऊ वर्षं उभे आहेत.

शिवाय सरकार दूरच्या देशांना आपल्या एक्झिम बँकेमार्फत स्वस्त कर्ज मिळवून देतं. अट अशी, की त्यातून जो माल घ्यायचा त्यातला मोठा हिस्सा भारतातून घ्यायचा. नागपूरची माझी एक मेहुणी ‘तुम्हीच आपल्या पसंतीची साडी घ्या’ म्हणून पैसे देते, आणि दुकान तिच्या दिराचं असतं.

हे सगळं मी हिला उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे 5,100 द्यायचे ना?”

दिले. पण गुलाबराव काही डोक्यातून जाईनात. त्यांच्या म्हणण्यातला खरा काटा भूतान नव्हताच. माझा पैसा, तुम्ही कोण देणारे? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, हा तो काटा. मी स्वतः गेली वीस वर्षं दुसऱ्यांचेच पैसे मोजतो आहे आणि दुसऱ्याच्या पैशानं उदार होणं किती सोपं असतं ते मला ठाऊक आहे. सरकारनं दिलेल्या पैशात गुलाबरावांचे 39 आहेत आणि ते त्यांच्या खिशातून त्यांना न विचारता गेलेत. ज्याच्या खिशात महिन्याअखेर 39 च उरतात, त्याला टक्केवारी सांगून गप्प करता येत नाही. पीककर्जाला रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कमी पडलेल्या एका कागदासाठी काउंटरवरून परत पाठवणारा मीच असतो. मला हा युक्तिवाद न शोभण्याची पुरेशी कारणं आहेत.

उलट बाजूही आहे. आपण घेणारे होतो तेव्हाचं आठवा. मला नाही, माझ्या वडिलांना आठवायचं. अमेरिकेशी 1956 साली पी.एल. 480 चा करार झाला, गव्हाची जहाजं यायला लागली. साठीच्या दशकात दुष्काळ पडला. आपण व्हिएतनामच्या युद्धावर टीका करत होतो, तर जॉन्सनसाहेबांनी गहू महिन्या-महिन्याच्या मापानं सोडायला सुरुवात केली. सावकार जसा वर्षाचं धान्य एकदम देत नाही, पायलीनं देतो आणि दर पायलीला रामराम घेतो, तसा. वडील लाल मिलोच्या भाकरीची आठवण सांगायचे. चव सांगायचे नाहीत. रांग सांगायचे.

आणि त्या गव्हाची किंमत रुपयांत साठत साठत गेली ती इतकी, की 1974 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राजदूतानं, मॉयनिहनसाहेबांनी, भारत सरकारच्या नावे एक चेक लिहून दिला. 1,664 कोटी रुपयांचा. जगातला तोवरचा सगळ्यात मोठा चेक म्हणून गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. मी त्या चेकचा पुष्कळदा विचार करतो. राजकारण म्हणून नव्हे, कारकून म्हणून. तो वटवायला कोणत्या काउंटरवर आला असेल? कोणी तरी ‘अक्षरी रक्कम नीट वाचता येत नाही’ असं म्हणालं असेल का?

त्यानंतर आपण हळूहळू पंगतीतून उठून वाढप्यांत गेलो. 2003 साली सरकारनं ठरवलं की लहानसहान देशांकडून मदत घेणं पुरे. 2004 च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा आपले किनारे उद्ध्वस्त झालेले असताना आपण बाहेरच्या सरकारांची मदत नको म्हटली आणि आपली जहाजं श्रीलंकेला, मालदीवला, इंडोनेशियाला धाडली. यात दया किती आणि ऐट किती, हा हिशेब कोणत्याच ऑडिटरला जमायचा नाही. पण ज्यानं रांगेत मिलो घेतला त्याच्या पोराला ती ऐट अगदीच वाईट वाटली नाही, हे कबूल करतो.

मोठ्या घरांचे आहेरही आता आटत चालले आहेत. श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या 0.7 टक्के द्यावेत असं संयुक्त राष्ट्रांनी 1970 साली ठरवलं. देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इंग्लंडनं 2021 साली 0.7 वरून 0.5 वर आणलं, 2025 साली 0.3 वर आणण्याचं जाहीर केलं. अमेरिकेनं तर 2025 च्या जुलैत मदत देणारी आपली संस्थाच गुंडाळली. तिथल्या गुलाबरावांनी आपले एकोणचाळीस परत मागितले.

पुढच्या रविवारी टपरीवर हाच विषय निघाला आणि कोपऱ्यातून एकानं ठेवणीतला बाण काढला. “पंचावन्न कोटीचं काय मंग?”

आमच्या भागात हा विषय जपून काढावा लागतो. सेवाग्राम इथून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर. लोक पंचावन्न कोटींना पाकिस्तानला दिलेली मदत समजतात. मी मात्र या बाबतीत पुरता बँकवाला आहे. फाळणीच्या वेळी अखंड हिंदुस्थानच्या तिजोरीत जी रोकड होती, तीत पाकिस्तानचा वाटा 75 कोटी ठरला. 20 कोटी आधीच दिले होते. उरले 55. काश्मीरात लढाई चालू म्हणून आपण ते अडवून धरले. 13 जानेवारी 1948 ला गांधीजींनी दिल्लीतल्या दंगलीच्या वणव्यात उपोषण सुरू केलं, आणि 15 जानेवारीला सरकारनं पैसे सोडायचं ठरवलं. पुढच्या पंधरा दिवसांत काय घडलं ते सेवाग्रामच्या परिसरातल्या माणसाला नव्यानं सांगायला नको.

मी म्हटलं, “ती मदत नव्हती, ठेव होती. खातेदाराशी भांडण झालं म्हणून मी त्याची ठेव देत नाही असं काउंटरवर म्हणू शकतो का?”

“तो त्याच पैशानं बंदूक आनून तुमच्यावर रोखत असंल तरी?” कोपऱ्यातला म्हणाला.

प्रश्न वाजवी होता. त्या वेळी तो वल्लभभाईंनाही पडला होता. मला एवढंच म्हणता आलं की अडवायचं असेल तर अडवलं म्हणावं, ‘दिलं नाही’ म्हणू नये. देणं आणि दान यांची खाती वेगळी असतात. हे वाक्य टपरीवर बरं वठलं. आपलं एखादं वाक्य बरं वठलं की सावध व्हावं, हा धडा मला संध्याकाळी मिळणार होता.

मध्येच एक सांगायचं राहिलं. 2020 च्या मे महिन्यात टाळेबंदीत नागपूरच्या रस्त्यानं मजुरांचे तांडे चालत चालले होते. कोण छत्तीसगडचे, कोण बिहारचे. तेव्हा याच गुलाबरावांनी आपल्या वाडीतली केळी घडच्या घड रस्त्यावर आणून ठेवली होती. बाजार बंद होते, हे खरं, पण पुढं त्यांनी घरची ज्वारीही काढली. मी त्यांना त्याची आठवण दिली. “त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं? तुम्ही त्यांना पाहिलं होतं?”

गुलाबराव ओशाळले. “ते दारात आले होते ना बाप्पा,” म्हणाले.

दारात आले होते. मग जे दारात येऊ शकत नाहीत त्यांचं कुणी बघायचं? 1938 साली चीनवर जपाननं आग ओतली तेव्हा आपल्याकडं स्वतःचं सरकारच नव्हतं, बजेट नव्हतं, गिलोटिन नव्हतं. काँग्रेसनं लोकांकडून वर्गणी जमवून पाच डॉक्टर धाडले. त्यात आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, सोलापूरचे डॉ. कोटणीस होते. कोटणीस परत आलेच नाहीत. 1942 च्या डिसेंबरात, वयाच्या 32 व्या वर्षी तिकडंच गेले. वीस वर्षांनी त्याच चीननं आपल्याशी युद्ध केलं. वहीच्या हिशेबानं ही नोंद साफ बुडीत खाती. तरीही यादीतलं हेच एक पान मला पुन्हा पुन्हा उघडावंसं वाटतं. पवनारला विनोबा दान म्हणजे नीट वाटणी असं सांगत. त्यात कुंपण कुठं येतं ते मला अजून सापडलेलं नाही.

तर संध्याकाळ. मी विजयी मुद्रेनं घरी आलो आणि आमच्या गेल्या वर्षीच्या आहेरांची बेरीज मारली. 31,700 रुपये. वर्षाचं घरात येणारं उत्पन्न 7,20,000. शंभराला 4 रुपये 40 पैसे! भारत सरकार 11 पैसे देतं, आम्ही चाळीसपट देतो. मी हिला ऐकवलं की आपण जगातलं अत्यंत दानशूर राष्ट्र आहोत.

हिनं वही माझ्यापुढं सरकवली. “कुणाकुणाला दिले ते वाचा.”

वाचले. साहेब. साहेबांच्या आधीचे साहेब. पाटलांच्या नातवाचं बारसं. दुकानवाली मेहुणी. वास्तू, मुंज, साखरपुडा. ज्याला 500 रुपयांनी घरात फरक पडेल असं एकही नाव त्यात नव्हतं. म्हणजे होतं. शेवटी, पेन्सिलीनं. ‘आत्या, वर्धा, दिवाळी, 500.’

“पेन्सिलीनं का?” मी विचारलं.

“कोणत्या प्रसंगात धरायचं ते कळेना. म्हणून.”

आत्याला मूलबाळ नाही. म्हणजे बारसं नाही, मुंज नाही, लग्न नाही. तिच्याकडं प्रसंगच नाहीत. काका जाऊन बावीस वर्षं झाली. एका खोलीत राहते, शिलाई मशीन आहे, डोळे आता साथ देत नाहीत. कुंपण आमच्याशी लागून नाही, बदली तिच्या हातात नाही, रुसायची तिला सवय नाही. अशा माणसाचा आकडा वाढायचं काही कारणच नव्हतं. तो 500 होता आणि गेली आठ वर्षं 500 च होता.

हिनं 2006 ची पानं उलटली. डावीकडं लिहिलं होतं : ‘आत्या (वर्धा). पितळी परात 1, मोठी.’ उजवं पान कोरं.

“आणि कॉलेजची तीन वर्षं तुम्ही तिच्याकडं जेवलात, ते कोणत्या पानावर आहे?”

मी सकाळचं माझं वाक्य आठवलं. देणं आणि दान यांची खाती वेगळी. तीन वर्षं, दोन वेळा, परीक्षेच्या दिवसांत रात्री चहा. बाराव्या महिन्यात माझे वडील कधीतरी तिला पोतंभर ज्वारी नेऊन द्यायचे, तीही पिकलं तर. ती रात्री अकरापर्यंत ब्लाउज शिवायची आणि मी त्याच दिव्याखाली ‘अकाउंट्स’चा अभ्यास करायचो. जमा-नावे, जमा-नावे. मला त्या पेपरात 78 मार्क पडले होते.

मी गणित मांडू लागलो. त्या वेळी खानावळीचा महिन्याचा दर, गुणिले छत्तीस, त्यावर आमच्याच बँकेच्या मुदतठेवीचं व्याज, दर तिमाहीला चक्रवाढ. आकडा आला तो मी हिला दाखवला नाही. कागद घडी करून खिशात ठेवला. साहेबांना दिलेले 5,100 त्याच्या कोपऱ्यात कुठंही मावत नव्हते, उलट तेच बरेच दिवस डोळ्यांपुढं नाचत राहिले.

सोमवारी पहिलं काम म्हणून आत्याच्या खात्यावर 10,000 भरले. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं नको म्हटलं असतं, आणि नको म्हटलेलं मला ऐकायला सोयीचं गेलं असतं. दर महिन्याला काही टाकायचं असं ठरवलं. किती, यावर अर्थखातं आणि परराष्ट्र खातं यांची बोलणी अजून चालू आहेत.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. पासबुक भरून आणलं होतं.

“अरे, माझ्या खात्यात दहा हजार कोणाचे आले? तुझ्या बँकेची चूक तर नाही झाली? तुझी नोकरी जाईल बरं.”

“चूक नाही आत्या. मीच टाकले.”

“तू? कशाचे?” ती थोडा वेळ थांबली. मग आवाज एकदम आनंदी झाला. “लग्न कोणाचं आहे रे?”

मला पटकन काही सुचेना. मी म्हटलं, “कोणाचं नाही. असेच.”

“असेच कसे? असेच कोणी देते का?” म्हणाली, आणि फोन ठेवला.

गेल्या शनिवारी वर्ध्याहून येणाऱ्या एका ओळखीच्या हाती तिची पिशवी आली. नवीन तिखटाचा डबा, कुरड्या, आणि माझ्या मुलीसाठी डोळे ताणून शिवलेला एक फ्रॉक. फ्रॉक दोन वर्षांनी लहान होता. मुलगी किती वाढली हे तिनं पाहिलंच नव्हतं. ही ओट्याशी वही उघडून, पेनाचं टोपण काढून उभी होती. पेन्सिल नव्हे, पेन.

“अहो, सांगा लवकर,” ती म्हणाली, “हे डावीकडं लिहू की उजवीकडं?”